साथ गेली, रोषणाई आली

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. इंग्रज सरकारने १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला, कोंदट गल्ल्या फोडून सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट काढले, दादर-माटुंग्याचे प्लॉट आखले. घरं किती पाडली, गरीब कुठे गेले, हा हिशेब वेगळा. पण साथीने शहराला निदान हवा तरी मिळाली.

२०२० च्या साथीनंतर आपण काय केलं? विजेच्या खांबांना दिव्यांच्या माळा गुंडाळल्या! 'अंतर राखा' ही ज्या वस्तीत निव्वळ थट्टा होती, तिथली सार्वजनिक संडासापुढची रांग जागच्या जागी आहे. फक्त नाक्यावरचा निळा-जांभळा उजेड आता तिच्यावर पडतो.

महापालिकेच्या पैशाचं म्हणाल, तर २०१७ मध्ये जकात गेली. २०२२ मध्ये ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर गेला, पाठोपाठ मुदत संपून नगरसेवकही गेले. उरल्या मुदत ठेवी. त्याही मोठ्या प्रकल्पांसाठी मोडायला काढल्या.

तरी पुढच्या साथीची काळजी नको. एका रुग्णालयात खाट मिळाली नाही, तर सागरी किनारी रस्त्याने रुग्ण पाच-दहा मिनिटांत दुसऱ्या भरलेल्या रुग्णालयात पोहोचेल.