पोटातली टाउनशिप

भिलाईच्या सेक्टरांमधल्या जुन्या मराठी घरांत डालड्याचा ताडाच्या झाडाचा डबा अजून दिसतो. कुठे त्यात तुळस असते, कुठे ज्वारीचं पीठ. आमच्या काकांच्या डब्यात खिळे आणि स्क्रू आहेत.

काका इथल्या स्टील प्लांटच्या रेल मिलमधून निवृत्त झाले. आयुष्यभर खाल्लेला डालडा आपल्या पोटावर जसाच्या तसा बसून आहे, असं त्यांचं ठाम मत. काकूच्या शंकरपाळ्या, शेजारणीकडून शिकलेली ठेठरी-खुरमी, गणपतीतल्या पंगती, "सगळं इथं जमा आहे," म्हणत ते पोटावर थाप मारतात. त्या थापेत पश्चात्तापापेक्षा अभिमानच जास्त ऐकू येतो.

डालडा बाजारात आला १९३७ साली. पातळ तेलात निकेलच्या मदतीने हायड्रोजन मुरवायचा की ते थिजतं, ही त्याची कृती. या खटाटोपात तेलातले काही वाकडे रेणू सरळ होतात. तेच ट्रान्स फॅट. वाकड्याला सरळ करणं म्हणजे खरं तर पुण्याचं काम, पण इथे सरळ झालेलाच उपद्रवी निघाला. वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो, चांगलं घटवतो. अखेर २०२२ च्या जानेवारीपासून खाद्यतेलात आणि वनस्पती तुपात त्याला २ टक्क्यांची मर्यादा घातली गेली.

शरीर मात्र आल्यागेल्याची चौकशी करत नाही. वाकडा असो की सरळ, तिघातिघांना ग्लिसरॉलला बांधून चरबीच्या पेशीत ठेवून देतं. गरज पडली की सोडवून जाळतं. सरळ्याला जाळताना एका पायरीवर अडखळतं खरं, पण जाळतं. आयता साठा कायमचा पडून राहत नाही.

हे कळलं अणुबाँबमुळे. १९६३ पूर्वीच्या उघड्यावरच्या चाचण्यांनी हवेत कार्बन-१४ वाढवून ठेवला. तो पिकांत गेला, ताटात आला, माणसात मुरला. १९५९ साली भिलाईची पहिली ब्लास्ट फर्नेस पेटली, तीही त्याच हवेवर. स्टॉकहोममधल्या कर्स्टी स्पॉल्डिंग आणि सहकाऱ्यांनी चरबीच्या पेशींतला हा कार्बन मोजून पेशींचं वय काढलं आणि २००८ मध्ये दाखवलं की मोठ्या माणसात दर वर्षी सुमारे १० टक्के पेशी बदलतात. पुढे त्याच युक्तीने आतल्या चरबीचं वय काढलं, तर ते सरासरी दीड वर्षाच्या जरा वर निघालं.

काकांना मी हे त्यांच्या भाषेत सांगितलं: पेशी म्हणजे कंपनीचं क्वार्टर. क्वार्टर दहाएक वर्षं टिकतं, आतला अलॉटी, म्हणजे चरबी, दीड-पावणेदोन वर्षांत बदलतो. तुमचा ऐंशी सालचा डालडा केव्हाच क्वार्टर खाली करून गेला. आत्ता राहतायत ते अलीकडच्या दिवाळ्यांचे.

काका थोडे हिरमुसले. इतक्या वर्षांची जमा एका वाक्यात वजा झाली होती. मग त्यांनी मुद्द्याचं विचारलं, "म्हणजे वजन उतरवलं, तर क्वार्टरं पाडतात?"

नाही. २००८ च्या त्याच संशोधनात हेही दिसलं की वजन घटलं तरी पेशींची संख्या जवळपास तेवढीच राहते. फक्त त्या आकसतात. मेलेल्या पेशीच्या जागी नवी येते.

"बघा," काकू आतून म्हणाली, "नवे अलॉटी आणायला हेच रोज संध्याकाळी सिव्हिक सेंटरला समोसे खायला जातात."