बंबकाका

बंबकाकांच्या हातात अक्षता दिल्या तरी त्यांची नजर नवरानवरीकडे नसते. मांडवाचे पडदे कुठल्या कापडाचे, होमाच्या वर छत किती उंच, कार्यालयाच्या मागच्या दाराला कुलूप तर नाही ना, एवढं बघून झालं की मगच ते ‘शुभमंगल सावधान’ म्हणतात. त्यातलं ‘सावधान’ जरा जोरात.

आमच्या डोंबिवलीच्या सात मजली सोसायटीत त्यांचं खरं नाव फक्त पोस्टमनला आणि मेंटेनन्सच्या पावतीला ठाऊक आहे. बँकेतून निवृत्त झाल्यावर कुणी हास्यक्लब धरतं, कुणी ज्ञानेश्वरीचा वर्ग. काकांनी फायर एक्स्टिंग्विशर धरला. बाकीच्यांच्या घरी हे लाल नळकांडं असलंच तर चपलांच्या कपाटामागे असतं. काकांकडे ते स्वयंपाकघराच्या दाराबाहेर, सहज हाताला येईल असं टांगलेलं आहे. दर संकष्टीला ते खाली उतरतं. काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, पिन आणि सील शाबूत आहे ना, नळीच्या तोंडात कोळ्यानं संसार मांडला नाही ना, हे पाहून झालं की काका सोसायटीचे जिने तपासायला निघतात. तिसऱ्या मजल्यावरच्या नळकांड्यावर हमखास कुणाचा तरी ओला पंचा वाळत असतो. तो कुणाचा, याची चौकशी चंद्रोदयापर्यंत चालते.

सोसायटीत नवं बिऱ्हाड आलं की दूधवाल्याच्या आधी काका पोचतात. मागच्या वर्षी पाचव्या मजल्यावर एक जोडपं आलं, सोबत मुलाची आजी. काकांनी तिघांना दुकानातच नेलं. मुलगा सहा किलोच्या नळकांड्याकडे बोट दाखवून म्हणाला, “मोठाच घेऊ ना, एकदाच काय ते.”

“उचलणार कोण?”

“मी.”

“आणि तुम्ही ऑफिसला असताना?” काकांनी सहा किलोवाला आजींच्या पुढ्यात ठेवला. सहा किलो ही आतली पावडर, वर नळकांड्याचं वजन वेगळं. आजींनी पदर खोचला, दांडीला हात घातला आणि शांतपणे म्हणाल्या, “आग लागली तर मी आपली खाली जाईन.” मग दोन किलोचा एबीसी पावडरवाला आला. तो आजींनी उचलला, वर कडेवर घेऊनही दाखवला. सौदा ठरला. काकांनी आयएसआयची खूण पाहिली, तयार झाल्याची तारीख पाहिली. ए म्हणजे लाकूड, कागद, कापड. बी म्हणजे पेट्रोल-रॉकेल. सी म्हणजे गॅस, असं दुकानदारालाच समजावलं. त्यानं हौसेनं कार्बन डायऑक्साइडवाला काढला, तेव्हा मुलगी म्हणाली, “याला काटाच नाही, बिघडलाय वाटतं.” काकांचा चेहरा उजळला. त्याला काटा नसतोच, तो वजन करून तपासतात, सोडताना पुढचा भोंगा धरला तर गारठ्यानं हात भाजतो, इथपर्यंत सगळं फुटपाथवर उभ्या-उभ्या झालं.

घरी आल्यावर मुलीनं खिळ्यासाठी जागा दाखवली ती थेट शेगडीच्या वर.

“ताई, आग लागली की ज्वाळेतून हात घालून काढणार का?”

खिळा दाराशी गेला.

कढईतल्या तेलानं पेट घेतला तर मात्र काका नळकांड्याचं नाव काढू देत नाहीत. शेगडी बंद, वर झाकण, आणि कढई निवेपर्यंत हात लावायचा नाही. पाणी तर नाहीच. तापलेल्या तेलाच्या तळाशी गेलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि जळतं तेल छतापर्यंत उडतं. पावडरचा झोतही जवळून मारला तर तेल अंगावर येतं. म्हणून काकूंना भजी तळताना कढईवर बसेल असं झाकण शेजारी ठेवावं लागतं आणि अंगात सुती कपडे लागतात. नायलॉनच्या साडीला काकांच्या स्वयंपाकघरात प्रवेश नाही. काकू भजी हल्ली धाकट्या बहिणीकडेच जाऊन खातात.

14 एप्रिलला सकाळी आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीला हजेरी लावून काका संध्याकाळी गच्चीवर अग्निशमन दिन साजरा करतात. 1944 साली याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाला आग लागून स्फोट झाले आणि मुंबई अग्निशमन दलाचे 66 जवान कामी आले. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि स्फोटकंही होती. “एकाच जहाजात!” असं म्हणून काका पहिल्या रांगेतल्या गृहिणींकडे बघतात. गॅसच्या कट्ट्याखाली रद्दी आणि रॉकेल एकत्र ठेवणाऱ्या बाई मान खाली घालतात. मागच्या रांगेला मात्र त्या जहाजातून उडालेल्या सोन्याच्या विटांचीच चौकशी असते.

त्यानंतर प्रात्यक्षिक. पत्र्याच्या ट्रेमध्ये आग पेटवतात. पिन ओढायची, नळी आगीच्या बुडाशी रोखायची, दांडा दाबायचा आणि केर काढल्यासारखा झोत या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवायचा. आमचे सेक्रेटरी दरवर्षी ज्वाळेच्या शेंड्यावर पावडर मारतात. दहाएक सेकंदांत नळकांडं रिकामं, आग जागच्या जागी, आणि शेजारच्या इमारतीतले पापड पांढरेफटक. एकदा थोडंसं जरी उडवलं तरी ते पुन्हा भरून घ्यायचं, हे काका तेव्हाच सांगतात, कारण पैसे कुठून आणायचे हे सेक्रेटरींना तेव्हाच विचारता येतं.

इतकी शस्त्रं परजणारा माणूस शूर असणार, अशी सगळ्यांची समजूत होती. पण काकांची सगळी विद्या माघारीची. “पाठ नेहमी दाराकडे,” हा त्यांचा पहिला धडा. आग कमरेच्या वर गेली, धूर डोक्याशी आला किंवा मागची वाट बंद व्हायला लागली, यातलं एक जरी दिसलं तरी नळकांडं तिथंच टाकून निघायचं. लोक माना डोलवत आणि मनातल्या मनात काकांना ज्वाळांत शिरताना बघत.

तो दिवस या पावसाळ्यात आला. चौथ्या मजल्यावरच्या भाडेकरूनं इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी हॉलमध्ये चार्जिंगला लावली होती. आरडाओरडा झाला तसे काका नळकांडं घेऊन जिन्यानं वर गेले. मागे दहा-बारा जण, दोघांचे मोबाइल चित्रीकरणाला सज्ज. दारातून दिसलं ते असं: बॅटरी फुत्कारत ठिणग्या टाकतेय, सोफ्यानं पेट घेतलाय आणि छताखालचा काळा धूर बघता बघता खाली उतरतोय. घरात कुणी राहिलं नाही ना, हे काकांनी भाडेकरूला दोनदा विचारलं. मग दार ओढून घेतलं, पिन न ओढलेलं नळकांडं काखोटीला मारलं आणि ओरडले, “सगळे खाली! लिफ्टला हात लावायचा नाही!” अशा बॅटरीचा जाळ पावडरनं दबला तरी आतली उष्णता उतरत नाही, ती पुन्हा पेटते आणि धूर विषारी असतो, हे त्यांनी जिना उतरता उतरता सांगितलं. 101 ला फोन तोवर गेला होता. बंब आला, हॉल जळाला, माणसाला ओरखडाही आला नाही.

सोसायटी नाराज झाली. “उडवलंच नाही हो काकांनी!” असं लोक महिनाभर म्हणत होते. मोबाइलवाल्यांच्या हाती नुसतं बंद दार आलं होतं. तरी सर्वसाधारण सभेत शाल-श्रीफळाचा ठराव झाला. काका व्यासपीठावर आले. अध्यक्षांनी शाल उलगडली, तसे काका एक पाऊल मागे सरले. शालीचा काठ त्यांनी अंगठा आणि तर्जनीत चुरून पाहिला, शेजारी तेवणारी समई पाहिली आणि म्हणाले, “पॉलिस्टर आहे. आधी समई हलवा.”