अ‍ॅम्बॅसॅडरची मावसबहीण

एमजीबी नावाच्या इंग्रजी स्पोर्ट्स कारच्या पोटाखाली, इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेले असतात तिथे तळाला एक भोक असतं आणि त्या भोकात एक स्प्लिट पिन सैल लोंबकळत असते. ती कशालाच धरून ठेवत नाही. गाडी चालू झाली की नुसती थरथरते आणि भोक चिखलाने बुजू देत नाही. ते बुजलं तर आत साचलेलं ऑइल क्लचवर जाईल. म्हणजे इथून ऑइल गळणार, हे गाडी आखणाऱ्यांना आधीपासून ठाऊक होतं. गळूच नये याची हमी देण्यापेक्षा नीट गळावं याची सोय त्यांनी केली. मला हा प्रामाणिकपणा फार आवडतो. आमच्या घरात तो फक्त मलाच आवडतो.

1962 ते 1980 या काळात ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनला या मॉडेलच्या पाच लाखांवर गाड्या तयार झाल्या. त्यांपैकी एक, 1972 सालची, हिरवी, उघड्या टपाची, आमच्या दारात उभी आहे. गाडीची चाळिशी उलटली की इंग्लंडचं सरकार तिला ऐतिहासिक मानतं, रोड टॅक्स माफ करतं, वार्षिक तपासणीची सक्तीही करत नाही. माझी चाळिशी उलटली तेव्हा असलं काही पत्र आलं नव्हतं, असं बायको म्हणते.

दारातल्या फरशीवर पडलेल्या डागांवर इथे मांजरांसाठी मिळणारी वाळू टाकतात. ती ऑइल छान शोषते. त्यामुळे दुकानात माझ्या ट्रॉलीत नेहमी त्या वाळूची भलीमोठी पिशवी असते. काउंटरवरच्या बाईंनी एकदा कौतुकाने विचारलं, किती मांजरं आहेत? मी म्हटलं, एकच, पण म्हातारं आहे.

शिवाय साठी ओलांडलेला प्रत्येक इंग्रज मला थांबवून एकच विनोद सांगतो : ऑइल गळायचं थांबलं की समजावं, संपलं. प्रत्येकाला वाटतं, हा आपल्यालाच आत्ता सुचला. मी दर वेळी हसतो. परदेशात राहायचं म्हणजे एवढं करावंच लागतं.

तर, मध्यंतरी त्या पिनवरून ऑइल जरा जास्तच ठिबकू लागलं. जुन्या गाड्यांवाली चार वडीलधारी मंडळी आमच्याकडे जमली, वाकली, पिनकडे बघून एकमेकांकडे बघती झाली आणि गंभीरपणे म्हणाली, "रिअर मेन सील." क्रँकच्या मागच्या टोकाचं ऑइल सील. सील स्वस्त असतं. पण या गाडीत तिथवर पोचायचं तर इंजिनच उचलून बाहेर काढावं लागतं. बॉनेट काढा, रेडिएटर काढा, क्रेन भाड्याने आणा. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यांवर जे तेज आलं ते पाहण्यासारखं होतं. दुसऱ्याचं इंजिन उघडायचं म्हटलं की माणसं दहा वर्षांनी तरुण होतात.

मी कोल्हापूरला मामांना व्हिडिओ कॉल लावला. मामांचा जन्म गॅरेजमध्ये गेला. बॉनेट उघडून फोन आत धरला. मामांनी चष्मा लावला, बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग ओरडले, "अरे लेका, हे तर अ‍ॅम्बॅसॅडरचं इंजिन!"

आणि मामा चुकत नव्हते. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीज इंजिनाचं हे घराणं. त्यातलं 1489 सीसीचं आपल्या अ‍ॅम्बॅसॅडरमध्ये वर्षानुवर्षं धावलं आणि 1798 सीसीचं एमजीबीत बसलं. दोन कार्ब्युरेटर आणि जरा रुबाब, एवढाच फरक.

"ही आपल्या अ‍ॅम्बॅसॅडरची मावसबहीण," मामा म्हणाले. "आणि तू साऱ्या नातेवाइकांत स्पोर्ट्स कार, स्पोर्ट्स कार म्हणून सांगत सुटलास! कलेक्टरसाहेबांची गाडी हाय ही. नुसता टप काढलाय."

मी कसाबसा रिअर मेन सीलचा विषय काढला. मामांनी तो उडवूनच लावला. "जिथं ठिबकतंय तिथं गळत नसतंय. आधी इंजिन धू. मळक्या इंजिनाला सगळीकडनंच गळतंय असं दिसतं. मग पावडर मार."

या बाबतीत मामांचं शास्त्र पक्कं आहे. ऑइल वजनाने खाली येतं आणि गाडी पळताना वाऱ्याने मागे जातं. त्यामुळे थेंब पडतो तो मागच्या टोकाला, सर्वांत खाली. आणि आळ येतो तिथल्या सीलवर. डिस्ट्रिब्युटरला प्लॅस्टिकची पिशवी बांधली, डिग्रीझर आणि ब्रशने इंजिन घासलं, वाळवलं आणि बाथरूममधला टाल्कम पावडरचा डबा त्याच्यावर पालथा केला. इंजिन तापल्यावर गल्लीभर जो वास सुटला, त्याला ऑइल, पेट्रोल आणि नुकतंच न्हालेलं बाळ एवढंच म्हणता येईल.

मग टॉर्च आणि काडीवरचा आरसा घेऊन मॅनिफोल्डच्या मागे डोकावलो. पांढऱ्या पावडरीवर सुतासारखी तपकिरी रेघ उमटली होती. टॅपेटच्या मागच्या बाजूच्या झाकणाच्या खालच्या काठापासून ती निघाली होती, ब्लॉकवरून तिरकी उतरली, ऑइल चेंबरच्या कडेकडेने मागे सरकली, बॅकप्लेटवर वळली आणि नेमकी त्या पिनशी जाऊन थांबली. सील निर्दोष होतं.

ते झाकण म्हणजे पातळ पत्रा, मागे बुचाचं पॅकिंग आणि मधोमध एक बोल्ट. आधीच्या कुणा मालकाने गळतंय म्हणून बोल्ट आवळला असणार. त्याने पत्रा मध्ये दबला आणि कडा उचलल्या. मग आणखी गळू लागलं, म्हणून आणखी आवळला. माझं स्पष्ट मत आहे की जगातल्या निम्म्या गळत्या आवळणाऱ्यांनीच केलेल्या असतात.

झाकण साधं, पण तिथे हात जायला दोन्ही कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड उतरवावं लागतं. एक नट तर दिसतच नाही, तो बोटांनाच माहीत असतो. मामांच्या हुकमावरून पुढच्या झाकणावरची ब्रीदरची नळीही काढून साफ केली. ती तुंबली की आतल्या वायूचा दाब वाढतो आणि चांगल्या पॅकिंगमधूनही ऑइल बाहेर रेटतो. पत्रा सपाट लादीवर ठोकून सरळ केला, नवं पॅकिंग त्याला चिकटवलं आणि बोल्ट आवळायला घेतला. मामा फोनवर होतेच. त्यांना पाना दिसत नव्हता, फक्त माझं तोंड दिसत होतं.

"बास," मामा म्हणाले.

मी अजून थोडासा...

"बास म्हणलं न्हवं! तुझे दात आवळलेले दिसतायत मला!"

पिनवर आता क्वचित एखादा थेंब येतो, तेवढा शिष्टाचार म्हणून चालतो. इंजिन बाहेर निघणार नाही हे कळल्यावर मंडळी हिरमुसली. एकाने तर क्रेनचं भाडंही विचारून ठेवलं होतं.

मामांनी दुसऱ्या दिवशी स्वतःहून फोन केला. मला वाटलं, गळती थांबली का विचारतील.

"ते पॅकिंग तुझ्याकडं सहज मिळतंय न्हवं? इथं एक जण जुनी अ‍ॅम्बॅसॅडर घेऊन आलाय, त्याला बसतंय का बघायचंय. चार पाठव. आणि दुकानात स्पोर्ट्स कारचं म्हणून मागू नकोस, उगाच भाव वाढवत्यात."