कूर्मदृष्टी

सेलूत भाजी धुतलेलं पाणीसुद्धा वाया जात नाही. ते कढीपत्त्याला जातं. अशा गावात आमच्या गल्लीतल्या काकांनी पाण्यातली कासवं पाळली.

काकांची हयात जिनिंगमध्ये कापसाची वजनं घेण्यात गेली. रिकामे झाल्यावर ते संभाजीनगरला नातवाच्या बारशाला गेले आणि येताना प्लॅस्टिकच्या डबीत दोन कासवं घेऊन आले. नाण्यापेक्षा जरा मोठी, हिरवीगार, डोळ्यामागे लाल पट्टा. गाडीनं परतूर सोडेपर्यंत अख्ख्या डब्याला कळलं होतं, की ही मंडळी अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातली आहेत. "दुकानदार म्हणला, एवढीच राहतेत," काकांनी घरी सांगितलं.

"माणसाला प्यायला नाही अन् हे पोहायला आणलाव?" एवढंच काकू बोलल्या.

कासवी पिल्लांना दूध पाजत नाही, नुसत्या नजरेनं वाढवते, असं संतांनी सांगून ठेवलंय. काकांनी ते शब्दशः घेतलं. सकाळी ओसरीत खुर्ची टाकायची आणि टबाकडे प्रेमानं बघायचं. कोणी आलं की व्याख्यान सुरू. या कासवाला पाण्याबाहेर घास गिळता येत नाही. ते पाण्यातच खातं आणि बाकीचंही पाण्यातच उरकतं. त्याला अंग वाळवायला दगड आणि कोवळं ऊन लागतं, नाहीतर पाठ मऊ पडते. माहिती अगदी बरोबर. फक्त ती सगळी कर्मणी प्रयोगात असते: पाणी बदललं जातं, टब घासला जातो, दगड उन्हात सरकवला जातो. कर्ता मोरीत असतो.

खुद्द अमेरिकेत चार इंचांहून लहान कासव विकायला 1975 पासून बंदी आहे. लेकरं ती तोंडात घालायची आणि साल्मोनेलाच्या जंतूनं आजारी पडायची. हे काकांनीच सांगितलं आणि कासवाला हात लावला की साबणानं हात धुवायचा नियम घरात केला. म्हणजे आणखी पाणी! नळ आला की आधी पिण्याचं भरायचं, मग कासवांचं, उरलं तर काकांची आंघोळ. हा क्रम काकूंनी लावलाय आणि त्यात बदल होत नाही.

दुकानदाराचा शब्द कासवांनी पाळला नाही. वाडगा गेला, घमेलं आलं. घमेलं गेलं, टब आला. आता एकेक पाठ ताटलीएवढी आहे. काका दर रविवारी वजन करतात आणि वहीत लिहितात. वजन करतात म्हणजे काटा बघतात. कासव काट्यावर ठेवलं जातं.

मध्यंतरी दुधनेत सोडून द्यायचा विचार निघाला, तेव्हा मीच आडवा आलो. आपल्या नदीतलं कासव घरात ठेवलं तर 1972 चा वन्यजीव कायदा आडवा येतो. आणि हे परदेशी कासव नदीत सोडलं तर तिथल्या कासवांच्या तोंडचा घास जातो. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर घुसखोर जीवांच्या यादीत त्याचं नाव आहे. काकांना ते ऐकून अभिमानच वाटला.

मृगाच्या पहिल्या पावसात हळदीसारखा पिवळाजर्द बेडूक टबाशेजारी येऊन बसला. काकांची खुर्ची लगेच तिकडे वळली. "बेडूक तोंडानं पाणी पीत नसतोय. कातडीतून शोषून घेतोय."

काकू पहिल्यांदाच लक्ष देऊन ऐकत होत्या. "मग हाच ठेवायचा होता की! ह्या दोघांपेक्षा बरा."

पण त्यालाही घरात ठेवता येत नाही असं मी म्हणालो, आणि तोही रात्री आपल्या वाटेनं गेला.

"हे तीस-तीस वर्षं जगतेत," काका मला परवा सांगत होते. काकांचं वय अडुसष्ट. काकूंनी एकदा टबाकडे पाहिलं, एकदा काकांकडे. ती नजर कासवीची नव्हती.

त्या बादली घेऊन वळल्या तशी दोन्ही कासवं सपासप हात मारत टबाच्या त्या कडेला गेली आणि माना वर काढून उभी राहिली. काका तासभर ह्या कडेला बसले होते.

"बघा," काका खुशीत म्हणाले, "ओळखलं जातं!"