दवाखाना बंद राहील

माझ्या पुतणीनं वाईत दातांचा दवाखाना उघडला, त्या दिवशी मी आशीर्वाद देताना म्हणालो, "दात कोरून पोट भरत नाही, ही म्हण तू खोटी करून दाखव." सगळे हसले. वहिनी तेवढ्या हसल्या नाहीत. खुर्चीचं कर्ज त्यांच्या नावावर होतं.

खुर्ची मात्र बघण्यासारखी. वर जाते, खाली येते, आडवी होते, डोक्यावर दिवा, शेजारी चूळ भरायचं भांडं. कमी होती ती फक्त बसणाऱ्याची. पहिले तीन महिने म्हण खरी ठरायचीच लक्षणं दिसत होती. दवाखाना अगदीच ओस दिसू नये म्हणून मला रोज संध्याकाळी बाहेरच्या बाकावर बसवलं जाई. पुतणीची एकच अट होती : "काका, गालाला हात लावून बसू नका. लोकांना वाटतं, इथं येऊनही बरं झालं नाही."

एक दिवस ती म्हणाली, "पस्तीस वर्षं मराठी शिकवलंत. दवाखान्यासाठी काहीतरी लिहा की!"

मी रात्र जागून पत्रक तयार केलं. ‘आपले दात आम्ही आपल्याच घशात घालणार नाही’ अशी सुरुवात होती आणि ‘रुग्णाला समजावताना दाताच्या कण्या झाल्या तरी बेहत्तर’ असा शेवट. पुतणीनं वाचलं आणि म्हणाली, "काका, ह्यात दवाखाना कमी आणि भाऊबंदकी जास्त आहे." खरंच होतं ते. मराठीत कुणी दात धरतो, कुणी दातओठ खातो, कुणी कुणाचे पाडतो. सकाळी उठून साधे दात घासणारा माणूस आपल्या वाक्प्रचारांत औषधालाही सापडत नाही.

शिवाय अशी पत्रकं वाटताच येत नाहीत, हे तिनं नंतर सांगितलं. १९४८ साली दंतवैद्यांचा कायदा झाला, त्याखाली परिषद आली आणि परिषदेनं आचारसंहिता आणली. दंतवैद्यानं स्वतःचे गोडवे गायचे नाहीत. पाटीसुद्धा बेतात. मी तरुणपणी मुंबईत चिनी दंतवैद्यांच्या पाट्या पाहिल्या होत्या. लालभडक हिरड्या आणि पांढरीशुभ्र बत्तिशी, माणूस नाहीच, नुसतं हसू. तसली एखादी रंगवून घ्यावी, हा माझा बेत जागीच बारगळला.

"मग चालतं तरी काय?"

"दवाखाना सुरू केला, जागा बदलली, बाहेरगावी जाणार आहे, परत आले. एवढं निवेदन पेपरात देता येतं. आणि लोकांना आरोग्याची माहिती देणारं लिहिता येतं."

माहिती! म्हणजे पुन्हा मास्तरकीच. गावातल्या एका साप्ताहिकात सदर ठरलं. मजकूर तिचा, मराठी माझं. सदराला ‘दंतकथा’ हे नाव मी सुचवलं. "म्हणजे सगळं खोटं?" असं विचारून तिनं ते खोडलं.

पहिला लेख किडीवर. कीड म्हणजे अळी नव्हे. तोंडातले जंतू आपण खाल्लेली साखर खातात, तिचं आम्ल करतात आणि ते आम्ल दात पोखरतं. दातावरचं कवच शरीरातली सगळ्यांत कठीण वस्तू. पण त्यात नस नाही, त्यामुळे ते पोखरलं जाताना दुखत नाही. दुखणं आत नसेपर्यंत पोचतं, तेव्हा साधं सिमेंट भरायची वेळ बहुधा टळून गेलेली असते. दात असा अती सोशिक, म्हणून तर घात होतो. लेख छापून आला. त्याच्या शेजारी संपादकांनी कंदी पेढ्यांची जाहिरात टाकली होती, चौपट मोठी.

दुसरा लेख गैरसमजांवर. वरची दाढ काढली की डोळे जातात, ही समजूत घरोघरी. दाताची नस वेगळी, दृष्टीची वेगळी. दाढा पडायचं आणि मोतीबिंदू व्हायचं वय तेवढं एक, म्हणून बिचाऱ्या दाढेवर आळ. तसंच दात साफ करून घेतले की हलतात, हेही. हिरडीतून ते आधीच सुटलेले असतात, वर्षानुवर्षांच्या किटणानं नुसते लिंपलेले. चिखल खरवडला की भिंत किती पक्की होती ते कळतं, एवढंच.

माझा एक जुना विद्यार्थी रस्त्यात भेटला. "सर, लेख वाचला. दाढ काढायची भीतीच गेली बघा!"

"मग कधी येतोस?"

"आता भीतीच नाही म्हटल्यावर घाई कशाला, सर?"

तिसऱ्या लेखात मी तिला न विचारता, मजकूर कमी पडला म्हणून, लवंगेच्या तेलाचा घरगुती उपाय घातला. त्या आठवड्यात पहिल्यांदाच वाचक दवाखान्यापर्यंत आले. आभार मानायला. एक आजोबा तर पेढे घेऊन आले : "आठ दिवस तेल लावलं, पोरी. दुखायचंच थांबलं."

पुतणीनं कपाळाला हात लावला. "आजोबा, लवंगेनं दाढ नुसती बधिर होते, कीड जात नाही. आणि आपोआप दुखायचं थांबलं, तर आतली नस मेली असेल!"

"मेली ना? सुटलो!" म्हणून आजोबा निघून गेले. पेढे आम्हीच खाल्ले. मी डाव्या बाजूनं.

मे महिन्यात बेळगावला पुतणीच्या मामेबहिणीचं लग्न निघालं. सदरात लिहायला काही उरलं नव्हतं, तेव्हा चौकटीत निवेदन दिलं : ‘दि. १२ ते १६ मे डॉक्टर बाहेरगावी असल्यामुळे दवाखाना बंद राहील.’ ना म्हण, ना वाक्प्रचार. आयुष्यात एवढं कोरडं मराठी मी लिहिलं नव्हतं.

अंक सकाळी निघाला आणि दुपारी बाहेरच्या बाकावर मला बसायला जागा उरली नाही. माझा विद्यार्थी आला. नस मेलेले आजोबा गाल सुजवून आले. एक मावशी तर भांडायच्या तयारीनंच आल्या : "न सांगता सवरता निघालात? मागं दाढ दुखली तर कुणाकडं जायचं आम्ही?"

"मावशी, किती दिवस दुखतेय?"

"दोन वर्षं झाली."

"मग दवाखाना उघडल्यावर तरी का नाही आलात?"

"तेव्हा तुम्ही होतात ना!"

रात्री नऊला शेवटचा रुग्ण गेला. मी दिवे मालवायला उठलो, तर ती खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाली, "बसा. तोंड उघडा."

"मला काय झालंय?"

"सहा महिने सांगतेय, गालाला हात लावू नका. तरी लावता. पेढेसुद्धा एकाच बाजूनं खाता. नाटक कुठलं आणि दाढ कुठली, एवढं कळतं मला."

खालची उजवी दाढ. दोन मुळं, तीन नळ्या आणि लवंगेचं अर्धी बाटली तेल पचवलेली. इंजेक्शन दिल्यावर मला पुष्कळ बोलायचं होतं. पण तोंडात तिची बोटं, आरसा आणि थुंकी ओढणारी नळी. पस्तीस वर्षं माझ्यापुढं वर्ग असाच बसायचा : तोंड उघडं, उत्तर नाही.

"परत आले की तसं निवेदन द्यायचं हं," ती म्हणाली. "तेही नियमात बसतं."

अर्धा ओठ बधिर होता. तरी ‘देऊ नकोस’ एवढं मी कसंबसं म्हणालो. ती परत आल्याचं कळलं, तर गावाच्या दाढा पुन्हा दुखायच्या थांबतील.