उस्मानाबादची फाईल, धाराशिवचे मशीन

तालुक्याच्या गावातल्या डीटीपीच्या दुकानाने विंडोज सोडून लिनक्सवर जावे, हा निर्णय सहसा दुकानदार घेत नाही. तो पुण्यात इंजिनिअरिंगला असलेला भाचा घेतो, आणि तोही सुट्टीत आल्यावर. धाराशिव जिल्ह्यातल्या भूममध्येही रीत हीच. कारणे मात्र खरी असतात. गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हमधून आलेला व्हायरस सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट करून ठेवतो. विंडोज १० ची नेहमीची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, आणि विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय दुकानातल्या मशीनमध्ये नसते. नवे मशीन घ्यायचे तर आधी एक लग्नसराई पार पडावी लागते. लिनक्स फुकट आहे, भाचाही फुकट आहे. तेव्हा शनिवारी रात्री जुने पुसून नवे घातले जाते, रविवारी पडद्यावर डोंगर-दऱ्यांचे सुंदर चित्र दिसू लागते आणि संध्याकाळच्या एसटीने भाचा पुण्याला निघून जातो. स्थलांतराचा अभ्यास खऱ्या अर्थाने सोमवारी सुरू होतो.

सोमवारचे पहिले गिऱ्हाईक म्हणते, "मालक, लेटरपॅड आहे तसंच ठेवा. नुसतं जिल्ह्याचं नाव बदलायचंय." फेब्रुवारी २०२३ मध्ये उस्मानाबाद शहराच्या नामांतराला केंद्राची मंजुरी मिळाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिल्ह्याचेही नाव धाराशिव झाले. सरकारचे काम अधिसूचनांत भागले. दुकानदाराला तेच काम लेटरपॅड, बिलबुके, पावत्या, दूध संस्थांचे अहवाल आणि खव्याच्या लेबलांत एकेक करून करावे लागते. पहिला छापील गठ्ठा संपल्याशिवाय दुसरा छापायचा नाही, हा भूमच्या व्यापाराचा मूळ सिद्धान्त असल्याने ही कामे अजून संपलेली नाहीत. आणि यातली बहुतेक कामे पेजमेकरमध्ये असतात.

पेजमेकर हे पाने लावण्याचे सॉफ्टवेअर १९८५ मध्ये ऑल्डस कंपनीने मॅकिंटॉशसाठी काढले. विंडोजवर ते १९८७ मध्ये आले. म्हणजे आज ज्याला जुने घर म्हणून सोडायचे, तेथेही ते पाहुणे म्हणूनच आले होते. १९९४ मध्ये ऑल्डस ॲडोबीकडे गेली, १९९९ मध्ये ॲडोबीने इनडिझाइन हा वारस पुढे केला आणि २००१ च्या ७.० नंतर पेजमेकरची नवी आवृत्ती निघाली नाही. जगाने त्याचे तेरावे केव्हाच उरकले. महाराष्ट्रात मात्र त्याचे पान अजून रोज लागते.

याचे कारण आळस नाही, अक्षरे आहेत. पेजमेकरला देवनागरीचा युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराचा ठरलेला सर्वमान्य क्रमांक, कळत नाही. म्हणून पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचे आयएसएम आणि इतर कंपन्यांचे फॉन्ट यांनी एक नामी युक्ती केली: रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवले. पडद्यावर मराठी दिसते, पण मशीनच्या पोटात डॉलर, टक्के, कंस आणि रोमन बाराखडी असते. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. एकाच्या फॉन्टमधले 'सस्नेह निमंत्रण' दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये उघडले, तर वधूपिता भांडायला येईल असा मजकूर तयार होतो. फॉन्टच नसेल, तर सगळी पत्रिका शिव्या गाळल्यावर छापतात तशा चिन्हांत दिसते.

मग युनिकोडमध्ये रूपांतर करून का घेत नाहीत, असा प्रश्न भाचा फोनवर विचारतो. रूपांतराची साधने आहेत, पण जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे डोळ्याला दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात आणि युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. पहिली वेलांटी जुन्यात अक्षराच्या आधी येते, नव्यात नंतर. रफार जुन्यात अक्षर झाल्यावर, नव्यात आधी. साधन कच्चे असेल तर 'धाराशिव'चे 'धारािशव' होते. 'उस्मानाबाद'मध्ये ना पहिली वेलांटी, ना रफार. त्यामुळे ते असल्या साधनातूनही बिनबोभाट बाहेर पडते. म्हणजे जे नाव काढायचे ते सुखरूप येते आणि जे घालायचे ते वाटेत मोडते. यात कुणाचाही राजकीय हेतू नसतो, हे गिऱ्हाइकाला पटवायला मात्र दोन चहा लागतात. कोरलड्रॉ या चित्रांच्या प्रोग्राममधल्या फाईली 'कर्व्ह' करून ठेवलेल्या असतील तर तोही प्रश्न उरत नाही: तेथे अक्षरे नसतातच, अक्षरांच्या आकाराच्या रेघा असतात.

लिनक्सवरून जुन्या फाईलपर्यंत पोहोचण्याचे मार्ग अनेक आहेत आणि भाच्याला ते सगळे ठाऊक असतात. लिब्रेऑफिस २०१५ च्या ४.४ आवृत्तीपासून पेजमेकरची फाईल वाचते. फाईल उघडते हे खरे. पण गणपती समासात सरकतो, 'किलबिल'मधली बारा मुले एकमेकांच्या अंगावर चढतात आणि दुरुस्ती केलीच तरी ती पुन्हा पेजमेकरच्या स्वरूपात साठवता येत नाही. दुसरा मार्ग 'वाइन'. १९९३ पासून विकसित होत आलेले हे साधन विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवते, आणि बरेच प्रोग्राम उत्तम चालतातही. अडते ते डोंगलवर. मराठी फॉन्टची पॅकेजे चोरी टाळण्यासाठी कुलूप घेऊन येत. ते पूर्वी प्रिंटरच्या रुंद पोर्टमध्ये बसे, पुढे यूएसबीत. नव्या मशीनला तो रुंद पोर्टच नसतो आणि यूएसबीचे कुलूप वाइनला बहुधा ओळख देत नाही. किल्ली खिशात असून घराबाहेर उभे राहण्याचा योग येतो तो येथे. दुकानदाराने आयुष्यात एकच सॉफ्टवेअर पैसे मोजून घेतलेले असते, आणि नेमके तेच चालत नाही.

तिसरा मार्ग आभासी मशीनचा. व्हर्च्युअलबॉक्ससारख्या प्रोग्राममध्ये लिनक्सच्या आत एक खिडकी उघडते आणि त्या खिडकीत अख्खे विंडोज एक्सपी चालते. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला असला, तरी इंटरनेट न जोडता त्याला आत बसवून ठेवले तर ते कुणाला त्रास देत नाही. तांत्रिकदृष्ट्या हाच मार्ग शहाणपणाचा. पण चार जीबी रॅममध्ये दोन संसार चालवायचे असतात, आणि वीज गेली की यूपीएसच्या घरघरीत दोघांनाही एकेक करून बंद करावे लागते.

उरतो तो चौथा मार्ग, आणि भूमपासून बार्शीपर्यंत तोच रूढ आहे: जुने मशीन दुसऱ्या टेबलावर ठेवणे. त्याची नेटची वायर काढतात, त्यावर प्लॅस्टिक घालतात आणि त्याला हात लावण्याचा अधिकार फक्त जुन्या ऑपरेटरला देतात. ऑपरेटरची बोटे रेमिंग्टन टाइपरायटरच्या मांडणीवर तयार झालेली असतात. १९८६ मध्ये ठरलेली इनस्क्रिप्ट मांडणी अधिक शास्त्रशुद्ध आहे, हे त्यांना मान्य असते. शिकायची मात्र नसते.

हा आजार डीटीपीवाल्यांपुरता नाही. दूध संकलन केंद्रावर फॅट मशीनला जोडलेला जुना संगणक आणि करकरणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर अनेकदा केवळ नऊ पिनांच्या सीरियल पोर्टसाठी जिवंत ठेवलेला असतो. गवळ्याला पहाटे पावती हवी असते, प्रगती नको. मोठ्यांचेही वेगळे नाही. ॲपलने २००६ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये प्रोसेसर बदलले, तेव्हा दोन्ही वेळा जुने प्रोग्राम चालवण्यासाठी 'रोझेटा' नावाचा दुभाषा सोबत द्यावा लागला. मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी इंटरनेट एक्सप्लोररला निवृत्त केले आणि त्याच्याशिवाय न उघडणाऱ्या साइटसाठी एज ब्राउझरमध्ये त्याची खोली तशीच राखून ठेवली. त्या मानाने भूमच्या दुकानदाराने दुसऱ्या टेबलाची जागा दिली, हे उदारच म्हटले पाहिजे.

अलीकडे वाहतूक उलट दिशेने वाढली आहे. गिऱ्हाईक मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवते, म्हणजे तो युनिकोडमध्ये येतो. नवे मशीन तो आनंदाने घेते. मग तो जुन्या फॉन्टमध्ये उतरवून, पेनड्राइव्हवर घालून, जुन्या मशीनवर नेऊन पेजमेकरमध्ये ओततात. पान लागले की पीडीएफ करून, त्याच पेनड्राइव्हवरून नव्या मशीनवर आणून, पुन्हा व्हॉट्सॲपवर गिऱ्हाइकाला प्रूफ जाते. या प्रवासात वेलांट्या आणि रफार सर्वांत जास्त दगावतात.

म्हणून पत्रिका छापायला टाकणाऱ्यांना विनंती, की प्रूफ आल्यावर नुसता अंगठा पाठवू नये. चष्मा लावून मुलाचे नाव, मुलीचे नाव, मुहूर्त आणि जिल्हा एवढे तरी वाचावे. 'ओके' आल्यानंतरची चूक दुकानदार भरून देत नाही.