गोळे घाट चढतात

नाणेघाटाच्या माथ्यावर एक दगडी रांजण आहे. कल्याण-सोपाऱ्याकडून जुन्नरला निघालेला माल घाट चढून आला की व्यापाऱ्यानं जकातीची नाणी त्यात टाकायची, असं सांगतात. सातवाहनांचं राज्य जाऊन अठराशे वर्षं होत आली. रांजणात आता पावसाचं पाणी साठतं आणि शनिवार-रविवारी वेफर्सची रिकामी पाकिटं. त्यावरून जकात बंद झाली असं कुणी समजू नये. परदेशी पदार्थाला नाणेघाटाजवळच्या घाटघर गावात यायचं असेल तर जकात आजही भरावी लागते. फक्त ती नाण्यांऐवजी जिन्नसांत वसूल होते.

माझी भाची गोथेनबर्गला नोकरी करते. सुट्टीवर आली की माहेरवाशिणीला शोभेल असं पुरणपोळीबिरणपोळी काही मागत नाही. तिला डोंगर लागतो. म्हणून मे महिन्यात आम्ही घाटघरला गेलो. जीवधनच्या पायथ्याशी एका ओळखीच्या घरी आम्ही नेहमी उतरतो. गड चढून आलेल्यांना तिथे पिठलं-भाकरी मिळते, आणि वानरलिंगीचा सुळका बघून मान अवघडलेल्यांना चहा. या घरात भाचीनं जाहीर केलं, "काकू, आज तुम्ही बसा. आज मी स्वीडिश मीटबॉल्स करणार, क्रीम आणि बेरीच्या सॉसमधले."

काकू बसल्या नाहीत. आपल्या चुलीपाशी दुसरी बाई उभी असताना बसायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. त्यांच्या सासूबाई, म्हणजे घरातल्या आजी, मात्र बसल्या; अगदी समोर, जकात नाक्यावर बसावं तशा.

पहिली जकात मांसावर लागली. मूळ कृतीत गाईचं आणि डुकराचं मांस मिसळून घेतात. नाणेघाटाच्या लेण्यात नागनिका राणीच्या काळातला शिलालेख आहे. यज्ञाच्या दक्षिणेत हजारो गाई दिल्याचं त्यात कोरलेलं आहे. त्या लेण्यावरून ही कृती जशीच्या तशी वर चढणं शक्यच नव्हतं. हैदराबाद आणि नवी मुंबईत दुकान थाटलेल्या जगप्रसिद्ध स्वीडिश फर्निचरवाल्यांनीही इथे कोंबडीचे गोळे करून सुटका करून घेतली. आम्ही जुन्नरहून बोकडाचा खिमा आणला होता. तो पाहून आजी म्हणाल्या, "आख्खं मटण घ्यायचं सोडून कुटलेलं का आणलं? दात तर समद्यांना हायती."

भाचीनं मग इतिहास काढला. स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स 1709 साली पोल्तावाच्या लढाईत रशियाकडून सपाटून हरला आणि तुर्कांच्या आश्रयाला गेला. तिथे तो चांगली चारपाच वर्षं राहिला आणि कर्ज करून करून राहिला. परत गेला तेव्हा वसुलीसाठी तुर्की सावकारही त्याच्या मागोमाग स्वीडनला पोचले. या फेऱ्यात गोळ्यांची कृतीही तिकडे गेली, असं 2018 मध्ये खुद्द स्वीडनच्या अधिकृत ट्विटर खात्यानं लिहिलं, आणि राष्ट्रीय पदार्थ उसना निघाला म्हणून अर्धा देश हळहळला. इतिहासकार अजून मान डोलवायला तयार नाहीत. आजींनी मात्र निकाल देऊन टाकला. "पाव्हणा म्हणून गेला, उधारीवर जेवला आन् वर कालवण शिकून आला. जावई आसंल कुणाचा तरी."

दुसरी जकात पावावर. तिकडे पावाचा चुरा दुधात भिजवून खिम्यात मिसळतात. स्टार्च पाणी धरून ठेवतो, मांसातली प्रथिनं एकमेकांना घट्ट आवळत नाहीत, म्हणून गोळा मऊ राहतो, असं भाची सांगत होती. घरात पाव नव्हता, सकाळची तांदळाची भाकरी होती. भातखाचरांच्या गावात दुसरं काय असणार? काकूंनी ती कुस्करून दुधात टाकली. आजींना विज्ञान लगेच पटलं. "म्हंजे मटण थोडं आन् खाणारी लई, तवा करायचं." गरिबीतल्या उत्तरेकडच्या स्वयंपाकघराचं इतकं नेमकं वर्णन मी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

तिसरी जकात मसाल्यावर. भाचीकडे ऑलस्पाइसची डबी होती. एकाच दाण्यात लवंग, दालचिनी आणि जायफळ यांचा वास, असा त्याचा लौकिक. आजींनी डबी हुंगली आणि काकूंकडून ते तिन्ही जिन्नस वेगवेगळे मागवून घेतले. एका दाण्यानं तिघांचं काम करायचं, ही त्यांना लबाडी वाटली. लाल तिखटाचा चमचाही खिम्याच्या दिशेनं निघाला होता; भाचीनं तो हवेतच अडवला. वाटाघाटीत मिरपूड दुप्पट करण्यावर तह झाला.

गोळे तुपात खरपूस होत होते तेव्हा सायीचा प्रश्न आला. स्वीडिश माणसाला सायीबद्दल बोलायचा अधिकार आहे, हे मान्य केलं पाहिजे. दूध गरगर फिरवून त्यातली साय सतत वेगळी काढणारं यंत्र गुस्ताफ द लावाल या स्वीडिश इंजिनिअरनं 1878 मध्ये बनवलं. त्याच्या नावातला 'लावाल' पुढे कंपनीच्या नावात गेला, आणि त्या अल्फा लावालचा कारखाना आपल्या पुण्यात दापोडीला आहे. मुंबई-पुणे रस्त्यावरून जाताना ती पाटी मी जन्मभर वाचली. त्या पाटीचा सायीशी संबंध असेल अशी शंकासुद्धा आली नाही. काकूंचं यंत्र याहून साधं: म्हशीचं दूध तापवायचं, रात्रभर ठेवायचं आणि सकाळी नातवंडांच्या आधी उठायचं.

खरा घोळ बेरीत होता. तिकडे लिंगनबेरी घालतात. लाल, आंबट, किंचित कडवट. तिच्यात बेंझोइक आम्ल मुळातच असतं, त्यामुळे नुसती साखरेत घोटून ठेवली तरी टिकते. घाटघरच्या आसमंतात या लायकीचं एकच फळ आणि तेही त्याच महिन्यात: करवंद. तिसऱ्या प्रहरी घरातली पोरं जाळीत घुसली आणि ओरखडे, काळ्या जिभा व टोपलीभर करवंदं घेऊन आली. प्रत्येक करवंदावर 'कोंबडा की कोंबडी' चाललंच होतं; चावल्यावर आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. या शास्त्रीय तपासणीत निम्मी टोपली संपली. उरलेली करवंदं धुऊन, गुळात शिजवून, बिया नि चीक निघावा म्हणून फडक्यातून गाळली.

भाची तो रस उकळत्या सायीत ओतणार, इतक्यात आजी पहिल्यांदा उठल्या. "नासंल! कढीला पीठ लावतो तसं लाव आधी." आणि खरोखर, स्वीडिश कृतीतही आधी लोण्यात मैदा परतायला सांगितलेला असतो. आंबटानं दुधातली प्रथिनं गोळा होतात. मध्ये पीठ आलं की त्यांची गाठ पडत नाही. कढीत बेसन करतं तेच तिकडे मैदा करतो. मग तुपात जरा कणीक भाजली, साय घातली, पातेलं उतरवलं आणि मगच रस हळूहळू सोडला. कालवणाला असा गुलाबी रंग आला की शेजारची एक बाई विचारून गेली, लगीन कुणाचं आहे?

जेवताना माझ्या लक्षात आलं की मांसाचा गोळा हा कुणाच्याच मालकीचा नसतो. तुर्कांचा कोफ्ता, स्वीडनचा मीटबॉल, आपल्याकडचा खिम्याचा गोळा. ज्याच्याकडे थोडं मांस आणि मोठं कुटुंब, तो गोळे वळतो. प्रदेश ओळखायचा तो बाजूच्या आंबटावरून. घाट चढताना मांस बदललं, पाव बदलला, मसाला बदलला, तरी पदार्थ टिकला. लिंगनबेरीच्या जागी करवंद आलं आणि तो घाटघरचा झाला.

भाची म्हणाली, स्वीडनमध्ये रानातली बेरी कुणीही तोडावी, जमीन कुणाचीही असो. 'सर्वांचा हक्क' म्हणतात त्याला आणि 1994 पासून तो राज्यघटनेतही आहे. आपल्याकडे रानातल्या गौण उपजावरचा आदिवासींचा हक्क कायद्यानं पुरता मान्य व्हायला 2006 साल उजाडलं. या भागातले महादेव कोळी त्याच्या कितीतरी आधीपासून हिरडा वेचत आलेत. आजींच्या परकराच्या ओच्यात तो कायदा लहानपणीच आला होता.

काकूंच्या मुलाला या जेवणात धंदा दिसला. दुसऱ्या दिवशी त्यानं पाटीवर 'पिठलं भाकरी'च्या खाली लिहिलं: 'स्वीडिश गोळे, आदल्या दिवशी सांगणे.' पुढे बेरी सॉसचा दर वेगळा टाकायला खडू उचलला, तेवढ्यात आजी कडाडल्या, "मटणाचं घे, सायीचं घे. पोरांनी काटं खाल्लं त्याची मजुरी घे. करवंदाचं रे कशाला घेतो? जाळी काय तुझ्या बापानं लावली?"